पाखराचं तास

पाखरं कुठं गेली, असं आजकाल मला लोक विचारतात. विचारणारे बहुतेक पोट सुटलेले, गच्चीवर मातीच्या वाडग्यात पाणी ठेवणारे आणि त्या वाडग्याचा फोटो साऱ्या नातेवाइकांना पाठवणारे. गेली कुठं म्हणजे काय? बायको रुसून माहेरी जाते तशी गेली का ती? आपण मारली. कोणी परक्या मुलखातून येऊन मारली नाहीत. आमच्या वावरातली कशी मारली ते मला नीट माहीत आहे, कारण मारताना भांडं धरून मी उभी होते.

आमचं गाव सोनाळ्यापासून कोसभर, सातपुड्याच्या पायथ्याशी. महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. तेव्हा आमच्या काळ्या जमिनीत जुनी ज्वारी इतकी उंच व्हायची की बैलगाडी आत शिरली तर बाहेरून दिसत नसे. गाडरस्त्याकडच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून जी ज्वारीची पहिली ओळ, तिला आमच्याकडे पाखराचं तास म्हणत. त्या तासावर राखण नव्हती. पाखरांनी खावं, रस्त्यानं जाणाऱ्यानं हुरड्यासाठी चार कणसं मोडावी, उरेल ते सरवा वेचणाऱ्या बायांनी न्यावं. घरच्या माणसानं त्या ओळीला विळा लावायचा नाही. यात फार मोठी भूतदया होती असं कोणी समजू नये. आमचे पूर्वज आळशी होते. पाखराला कडेला पोटभर मिळालं की ते आत कमी शिरतं, आणि वाटसरूला समोर मिळालं की तो आत चोरी करत नाही, एवढा साधा हिशोब. पण व्यवस्था चांगली होती. चांगली व्यवस्था मूर्खांच्या हातूनही टिकते, जोवर घरात एखादा शहाणा जन्माला येत नाही.

आमच्या घरात तो आला. माझे बाबा.

बाबांना प्रगतिशील शेतकरी म्हणवून घ्यायची हौस होती. घरात रेडिओ होता, तो फक्त शेतीचा कार्यक्रम लागला की मोठ्यानं लावायचा, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल. ग्रामसेवक आला की बाबा ओट्यावरून दोन पायऱ्या उतरत. शेतीखात्याचा साहेब आला तर रस्त्यापर्यंत जात. ज्यांच्याशी ते जन्मभर वऱ्हाडीत भांडले त्यांच्यासमोरच साहेबाशी बोलताना पुण्याची भाषा काढत, आणि ती भाषा त्यांच्या तोंडी मागून आणलेल्या कोटासारखी बसे, खांद्यात घट्ट आणि बाहीत लांब. आदल्या वर्षी ज्वारीच्या पीक स्पर्धेची ढाल शेजारच्या गावात वांगी-मिरच्या करणाऱ्या एका शेतकऱ्याला मिळाली होती. पन्नास एकरांच्या माणसाला हे सहन होईना. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि घरात कोणी जेवलेलं त्यांना खपलंही नाही.

राखण आत्या करायची. बाबांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली, ती आमच्याच घरी राहिली. घरात तिची जागा चुलीमागे. हळदीकुंकवाला बाया आल्या की तिनं परसात जायचं. लग्नकार्यात तिनं पोळ्या लाटायच्या, पण मांडवात यायचं नाही. आमच्या घरच्यांना यात काही वावगं वाटत नसे, मलाही वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

पण कणसात दूध भरलं की दीड-दोन महिने आत्या वावरात. चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, वर पऱ्हाट्यांचं, कपाशीच्या वाळल्या काड्यांचं छप्पर, हातात गोफण. तिथं ती कोणाची विधवा नव्हती. सूर्य उगवायच्या आत जायची, दिवस मावळल्यावर यायची. पाखरांना अशा शिव्या द्यायची की रस्त्यानं जाणारे गाडीवाले बैल थांबवून ऐकत. पोपटांना ती तहसीलदार म्हणे, कारण खातात थोडं आणि नासवतात जास्त. भोरड्यांचा काळा-गुलाबी थवा उतरला की, "आलं बापा वऱ्हाड, ना आवतन ना काही," म्हणून दगड सोडायची. दगड थव्याच्या बाजूनं सूं करत जाई आणि थवा उठून पाखराच्या तासावर बसे. तिथं बसला की आत्या गोफण खाली ठेवून भाकरी सोडायची. मी अकरावी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, लग्न जमायची वाट बघत. दुपारी तिच्यासोबत जेवायला जायचे. त्या माळ्यावर ती जितकी हसायची, तितकी घरात वर्षभरातही हसत नसे.

मग तो डबा आला. पत्र्याचा, त्यावर कवटीचं चित्र. कपाशीवर मारायचं औषध होतं ते. मारायच्या वस्तूला औषध म्हणायची पद्धत तेव्हापासूनची. घरात छापील वाचता येणारी मी एकटी, म्हणून बाबांनी कागद माझ्यापुढे धरला. पाण्यात किती घालायचं ते मी वाचलं. खाण्याच्या पिकावर वापरू नये, हेही वाचलं. बाबा म्हणाले, "आपन कुठं खाऊन राह्यलो थे तास? पाखराचंच हाय ना? पाखरंच खातीन."

त्यांची युक्ती अशी होती. पाखरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच ओळीवर आधी उतरतात. तर त्याच ओळीच्या कणसांना औषध चोपडायचं. वावरभर हिंडायला नको, राखणदार नको, स्पर्धेच्या पिकाला चोच लागायला नको. एवढी अक्कल आपल्याच डोक्यात कशी आली, याचं त्यांना फार कौतुक वाटत होतं. बांबूला चिंधी बांधून ते एकेक कणीस वाकवून सारवत गेले, आणि मी मागून घमेलं घेऊन चालले. सगळं तास व्हायला दुपार झाली.

आत्या माळ्यावरून उतरून आली. काय चाललंय ते तिला समजायला वेळ लागला नाही, वासानंच समजलं. ती म्हणाली, "भाऊ, त्यायले आपनच तिथं बसाले शिकवलं. आता तिथंच मारतं का?"

"मंग काय ढाल त्या वांगेवाल्याच्या घरी जाऊ देऊ?" बाबा म्हणाले. "आन् तुलेच बरं हाय, बाई. पुढच्या सालापासून माळा बांधाचं काम नाही. घरी बसजो सावलीत."

आत्याचं तोंड उतरलं ते मी पाहिलं. सावलीत बसायला मिळणार म्हणून कोणाचं तोंड उतरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिनं बाबांकडे मागणी केली, तीही किती लहान, की यंदा कापणीपर्यंत तरी माळा मोडू नको. बाबांनी परवानगी दिली. स्पर्धेसाठी साहेबाची पाहणी व्हायची होती, आणि माळा असला तर राखण चोख दिसते, एवढाच त्यात त्यांचा विचार होता.

दुसऱ्या सकाळी धुऱ्यावर पाखरांचा सडा होता. भोरड्या सगळ्यात जास्त. चिमण्या, साळुंक्या, पोपट, दोन लांडोरी. काही अजून मेली नव्हती, पंख जमिनीवर आपटत गोल फिरत होती. बाबांनी टोपलं भरलं आणि गावातल्या पारावर नेऊन ओतलं. लोक जमले. एकानंही तोंड फिरवलं नाही. औषध कोणतं, कुठं मिळते, किती लागते, हेच प्रश्न. बाबा उत्तरं देताना माझ्याकडे बोट दाखवत, "आमच्या पोरीनं वाचलं कागदावरचं." आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. मग ते टोपलं नाल्यात फेकलं. दोन दिवसांनी नाल्यात घारी पडल्या, एक कोल्हं पडलं, आणि आमच्या विहिरीवरच्या उंबरात राहणारी पिंगळ्यांची जोडी बुंध्याशी पडली. हे मात्र कोणी पारावर नेलं नाही.

आठवड्यात सगळं चिडीचूप झालं. आत्या रोज माळ्यावर जाऊन बसायची, कोणी वाटसरू त्या तासाच्या कणसाला हात लावायला गेला तर वरूनच हटकायची. शिव्या द्यायला कोणी उरलं नव्हतं. दुपारी मी गेले की न बोलता भाकरी खायची, आणि मध्येच थांबून ऐकायची. मला तेव्हा तिचा राग यायचा. एवढं काय पाखरांचं, असं वाटायचं. ती पाखरांपायी नाही तर स्वतःच्या जागेपायी ऐकत बसायची, हे मला कळायला हवं होतं. मॅट्रिकला तसलं काही शिकवत नाहीत.

पाहणीच्या दिवशी बाबांनी आत्याला बजावलं, की साहेब येईपर्यंत माळ्यावर बस, जीप दिसली की वर छपराखाली मागं सरक, पुढं येऊ नको. अपशकून नको म्हणून. आत्या हो म्हणाली. साहेब आले. पुण्याकडचे, गोरे, चष्मा लावलेले, बोलायला गोड. सोबत ग्रामसेवक. मागे निम्मं गाव. बाबा फेटा बांधून, वाकून वाकून पाठीचा कणा दुखेल इतके वाकत चालले होते.

साहेबांनी पीक पाहिलं, कणसं हातात धरली, वहीत लिहिलं. खूष दिसले. मग धुऱ्यावर आले आणि पहिल्या ओळीपाशी थांबले. म्हणाले, "ही तुमची पाखरांची आणि वाटसरूंची ओळ ना? मागच्या वर्षी मी ऐकलं होतं. फार सुंदर पद्धत आहे. आज आम्ही वाटसरू. इथलाच हुरडा खाऊ या." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पाच-सहा कणसं मोडली.

ज्या गोष्टीची बाबांना लाज वाटत होती, तिचंच साहेबांना कौतुक होतं. ढाल तिथंच, त्या तासात उभी होती, आणि आम्ही तिला चोपडून ठेवलं होतं.

बाबा म्हणाले, "साहेब, आतली कणसं अधिक गोड आहेत." साहेब म्हणाले, "नाही नाही, वाटसरूनं आत जायचं नसतं ना?" ग्रामसेवक जोरानं हसला, साहेबांच्या वाक्याला हसायचा त्याला पगार होता. गोवऱ्या पेटल्या. कणसं निखाऱ्यात गेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे पाहिलं. मनात म्हणाले, पंधरा दिवस झाले, दव पडलं, धुऊन गेलं असेल. मागं उभ्या असलेल्या निम्म्या गावाला ठाऊक होतं. निम्म्या गावानं त्या टोपल्यातली पाखरं पाहिली होती. सगळे हाताची घडी घालून उभे होते, मला काय करायचं, अशा तोंडांनी. मी आयुष्यात नंतर पुष्कळ माणसं पाहिली, पण त्या दिवशीइतकी हलकी माणसं एका जागी पुन्हा पाहिली नाहीत, आणि त्यांत मी होते.

कणसं चोळून दाणे ताटात काढले. वर तिखट-मीठ आलं. साहेबांनी मूठ भरायला हात पुढे केला, आणि सूं असा आवाज होऊन ताट उडालं. हिरवे दाणे मातीत पसरले. साहेब मागच्या मागे बसले. सगळ्यांनी वळून पाहिलं तर आत्या माळ्याच्या कडेला उभी, डोईवरचा पदर पडलेला, हातात गोफण. वरूनच ओरडली, "खाऊ नका, त्याले इख लावलं हाय. सारे पाखरं मेले त्यानं."

 मग बाबांना वाचा फुटली. अगदी शुद्ध भाषेत फुटली. "साहेब, क्षमा करा. माझी बहीण आहे. विधवा आहे. डोक्यावर परिणाम झालेला आहे."

साहेब उठले, धोतर झटकावं तशी पँट झटकली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी गावाकडे पाहिलं, गाव गप्प. मग माझ्याकडे वळले. मी तेवढी नीट लुगडं नेसलेली, वेणी घातलेली, शिकलेली दिसत असणार. म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा. कणसांना काही लावलं आहे का?"

हुरडा तर मातीत गेला होता. आता कोणी मरणार नव्हतं. मग खोटं बोललं तर कोणाचं काय जातं? एवढा विचार मी केला, पुरता केला, घाईत नाही केला. आणि म्हणाले, "नाही. आत्याचं असंच असतं."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. जाताना बाबांना हळू आवाजात म्हणाले, "त्यांच्या हाती गोफण देऊ नका. एखाद्याचा जीव जाईल."

ढाल आमच्याकडे आली. बाबांनी त्याच संध्याकाळी माळ्याच्या बल्ल्या उपटल्या आणि गोफण चुलीत घातली. माळा मोडताना आत्या खाली उभी होती. तिनं मला एकदाही विचारलं नाही की तू असं का बोललीस. विचारलं असतं तर मी रडले असते, माफी मागितली असती आणि मोकळी झाले असते. ती सोय तिनं मला दिली नाही.

पुढं जे झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे झालं, म्हणून कोणी पाहिलं नाही. ढाल मिळालेल्या माणसाची युक्ती कोण सोडतो? पुढच्या साली गावातल्या प्रत्येक वावराचं पाखराचं तास सारवलं गेलं, त्याच्या पुढच्या साली संग्रामपूरपर्यंत. मी त्या दिवशी हो म्हणाले असते तर साहेबांनी वहीत तेही लिहिलं असतं, बाबांची फजिती झाली असती, आणि फजितीची नक्कल कोणी करत नाही. भोरड्या दोन वर्षं थोड्याफार आल्या, मग आल्याच नाहीत. मग ज्वारीवर अळी चढली, अशी की जुन्या माणसांनी तशी पाहिली नव्हती. पूर्वी तिला खाणारं जे होतं ते नाल्यात कुजलं होतं. लोकांनी काय केलं? आणखी डबे आणले. पुढं बुटकी ज्वारी आली, मग ज्वारीच गेली. धुऱ्यावरच्या बाभळी, पळस, उंबर तोडून धुरेसुद्धा नांगरात घेतले. आता मार्गशीर्षात पाऊस कोसळतो, उन्हाळा होळीच्या आधी सुरू होतो, आणि झाड एक शिल्लक नसलेल्या वावरात उभं राहून आमचे भाऊबंद म्हणतात, हवामान बिघडलं. हवामानानं एकट्यानंच बिघडायला घेतलं होतं जणू.

आत्या त्यानंतर वावरात गेली नाही. तिला जाऊ दिलं नाही. गाव तिला येडी म्हणायला लागलं. ज्यांनी त्या दिवशी घडी घातलेले हात सोडले नव्हते तेच पुढे होऊन म्हणायचे, आणि कोणी शंका काढली तर सांगायचे की तिच्या भाचीनंच सांगितलं, शिकलेली पोरगी काऊन खोटं बोलीन? चुलीमागची जागा तिला पुन्हा मिळाली, ती मरेपर्यंत पुरली.

माझं लग्न होऊन मी रोहिणखेडच्या बाजूला गेले. माहेरी आले की आत्यापाशी बसायचे. ती म्हातारी झाली होती, डोळ्यांनी कमी दिसायचं. एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "पाखरं येऊन राह्यले का गं वावरात?"

त्या सकाळीच मी वावरात जाऊन आले होते. एक पाखरू नव्हतं. मला तिला हे सांगवेना. मी म्हणाले, "हाव, येतेत ना. भोरड्याही येतेत."

तिचा हात थांबला. "मंग हाकलते कोन त्यायले?"

आता काय सांगायचं? मी म्हणाले, बाबांनी एक बाई ठेवली आहे, माळा बांधून दिला आहे तिला. तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून म्हणाले. आत्यानं भाकरी तव्यावर टाकली, हाताला चटका बसला तरी हात तिथंच राहिला. पाखरं नाहीत म्हणून माळा नाही, हे खरं मी तिला सांगितलं असतं तर तिचं थोडं तरी समाधान झालं असतं. आपल्या जागी दुसरी बाई बसली आहे, हे ऐकून ती त्याच वर्षी गेली.